तपासणारीचे नाव



चिएन-शिउंग वू हे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकले असेल. शांघायजवळच्या एका गावी १९१२ साली जन्मलेली ही मुलगी वडिलांनी मुलींसाठी काढलेल्या शाळेत शिकली, १९३६ मध्ये अमेरिकेला गेली. अणुगर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या बीटा क्षयाच्या मोजमापात तिचा हात धरणारे फार थोडे होते.

मी समाजकार्य शिकलेली, पदार्थविज्ञान नाही. तरी मला समजले ते असे. ज्या बलामुळे हा क्षय घडतो त्याला दुर्बल परस्परक्रिया म्हणतात. निसर्ग डावे-उजवे करत नाही, आरशातले जगही त्याच नियमांनी चालते, असे सगळे धरून चालले होते. (शास्त्रातला शब्द पॅरिटी, मराठीत समता!) दुर्बल परस्परक्रियेपुरते हे कोणी तपासलेलेच नाही, असे १९५६ मध्ये ली आणि यांग या शास्त्रज्ञांनी दाखवले. कोबाल्ट-६० वापरून ते तपासता येईल, हे सुचवले वूबाईंनी. नवऱ्याबरोबर काढलेले बोटीचे तिकीट त्यांनी रद्द केले. तो एकटा गेला. वॉशिंग्टनमधल्या सरकारी प्रयोगशाळेत चार सहकाऱ्यांसह त्यांनी कोबाल्ट निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केला आणि चुंबकाच्या साहाय्याने त्याचे अणुगर्भ एका दिशेला वळवले. काही मिनिटांत स्फटिक तापे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवे होते. ते एका बाजूला जास्त पडले. निसर्ग डावे-उजवे करतो!

१९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले. वूबाईंचा निबंध त्या वर्षीच्या शिफारशींची मुदत संपल्यावर छापला गेला, हे खरे. पण त्या १९९७ पर्यंत हयात होत्या. दुर्बल परस्परक्रियेच्या नव्या सिद्धान्ताची एक महत्त्वाची कसोटीही १९६३ मध्ये त्यांनीच बीटा क्षय मोजून पार पाडली. मुदतीचे कारण एका वर्षाला पुरते, चाळीस वर्षांना नाही. कोलंबिया विद्यापीठात पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मिळायला १९७५ साल उजाडले.

कल्पना सुचली ती त्यांची, हिने नुसते तपासले, असे म्हटले जाते. या ‘नुसते’वर माझा राग आहे. तपासले नसते तर कल्पना कागदावरच राहिली असती.

आता आपले अहवाल काढून पाहा. उन्हातान्हात दारोदार फिरून, बायकांना बोलते करून, आकडा जुळेना म्हणून पुन्हा त्याच घरी जाणारी कार्यकर्ती ‘यांच्या सहकार्याने’ या ओळीतही नावाने नसते. मुखपृष्ठावर नाव विश्लेषण करणाऱ्याचे.

पुढच्या अंकापासून आपण पाहणी छापू तेव्हा माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येकीचे नाव लेखाच्या सुरुवातीलाच असेल. अहवालाबरोबर यादी पाठवा. कोणाला नाव छापणे धोक्याचे वाटत असेल, तर तसे तिला विचारून कळवा.