गोणीवरचं प्रोटीन आणि माशाची कलेजी

चाकण-खेड-मावळ पट्ट्यात शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांना गिऱ्हाईक शोधत लांब जावं लागत नाही. एमआयडीसीत बंगाल, ओडिशा, बिहारकडचे मासे खाणारे कामगार भरपूर आहेत. पण खाद्य घेताना आपण एकच विचारतो, "प्रोटीन किती, 28 का 32?" माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे.

माशाला नुसतं प्रोटीन नको, त्यातली 10 आवश्यक अमिनो आम्लं हवीत. त्यात आपल्या पेंडींमध्ये हमखास कमी पडतात ती दोन, लायसिन आणि मेथिओनिन. एक जरी कमी पडलं तरी बाकीची मांस बनवायला पुरती वापरली जात नाहीत. मासा ती जाळतो आणि त्यातला अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. पाण्यात अमोनिया साचला की तेच कल्ले खराब होतात. म्हणजे खाद्याचे पैसे गेले आणि पाणीही बिघडलं.

दुसरा मार कलेजीवर, म्हणजे लिव्हरवर. चरबी जाळायला लागणारं कार्निटिन शरीर याच दोन अमिनो आम्लांपासून बनवतं. ती कमी पडली की लिव्हरमध्ये चरबी साठू शकते. विष निष्प्रभ करणारं ग्लुटाथिओन बनवायलाही मेथिओनिन लागतं. ओल धरलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन होतं, तेव्हा हे फार महत्त्वाचं. 1960 साली इंग्लंडात अशाच पेंडीने लाखावर टर्की पक्षी लिव्हर खराब होऊन मेले होते.

आता आपलं जुनं मिश्रण बघा. निम्मी शेंगपेंड, निम्मा भाताचा कोंडा. पेंडीत 45 आणि कोंड्यात 12 टक्के प्रोटीन धरलं तर मिश्रणात 28 टक्के भरतं. कागदावर उत्तम! पण कार्प माशाला प्रोटीनच्या साधारण 5.7 टक्के लायसिन लागतं, म्हणजे किलोला 16 ग्रॅम. या मिश्रणात निघतं साडेदहाच्या आसपास. तेच 20 भाग शेंगपेंड, 30 भाग सोया डीओसी आणि 50 भाग कोंडा घेतला, तर प्रोटीन तेवढंच राहतं आणि लायसिन 14 ग्रॅमपर्यंत जातं. सोयात मेथिओनिन कमी असतं, ते तिळाच्या पेंडीत चांगलं. थोडं फिशमील घातलं तर दोन्ही मिळतात. आपलं वरण-भाताचंच गणित आहे हे, एकाची उणीव दुसरा भरतो. कच्चं सोयाबीन मात्र घालू नका, ते पचन अडवतं. नुसती लायसिन पावडर कालवून टाकली तर बरीचशी पाण्यात विरघळून जाते.

कुणी म्हणेल, वाडवडील पेंड-कोंड्यावरच मासे वाढवत होते. खरंय. पण ती मातीची तळी होती, मासे विरळ होते, प्लवंग आणि किडे उरलेली भूक भागवत होते. आपलं शेततळं प्लॅस्टिक अस्तराचं आणि मासे दाट. तिथं जे गोणीत नाही ते माशाला मिळत नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. महिन्यातून एकदा चार-पाच मासे चिरून लिव्हर बघा. रोहू-कटल्यात ते आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. लालसर तपकिरी असेल तर ठीक. फिकट, पिवळट, तेलकट दिसलं तर खाद्य तपासा. जास्त तेल, खवट खाद्य किंवा बुरशीनेही असं होतं, त्यामुळे एका माशावरून निकाल लावू नका.

दुसरं, दुकानदाराला लायसिन-मेथिओनिनचा आकडा मागा. पोल्ट्रीवाले हा हिशोब कधीचाच करतात. मासेवाल्यांनी विचारलंच नाही तर कंपनी गोणीवर कशाला छापेल? पुढची गोणी घेताना विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.