मेलेल्या दोस्ताचा नंबर



अमेरिकेत हायस्कूलच्या बेसबॉल मैदानावर एक रिवाज आहे. टीममधलं पोरगं मेलं, अपघातानं म्हणा, आजारानं म्हणा, की पुढच्या मॅचला त्याच्या नंबरची जर्सी खेळाडूंच्या बाकावर टांगतात. बाकीची पोरं टोपीवर तो नंबर शाईनं लिहितात. कुठं कुठं तो ज्या जागी उभा राहायचा ती जागा पहिल्या चेंडूपुरती रिकामी ठेवतात. आईबापाला मैदानात बोलावतात. सगळे गप्प उभे राहतात. मग अंपायर ओरडतो आणि खेळ सुरू होतो.

या रिवाजाची टिंगल करायला आम्ही बसलेलो नाही. सतरा वर्षांचं पोरगं दोस्तासाठी रडतं तेव्हा ते खरंच रडतं. ती रिकामी जागा पुढाऱ्याच्या छापील श्रद्धांजलीपेक्षा शंभरपट जास्त बोलते. आमचा सवाल त्याच्या पुढचा आहे. ही जागा रिकामी झाली कशानं? आणि उद्या तिथं जो उभा राहील त्याचं काय?

हा सवाल हवेतला नाही. बेसबॉलच्या इतिहासातच तो गाडलेला आहे. उकरून बघू.

1920 साल. क्लीव्हलंडच्या टीममध्ये रे चॅपमन नावाचा शॉर्टस्टॉप होता. वय 29. 16 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीज टीमच्या कार्ल मेजनं टाकलेला चेंडू त्याच्या कानशिलावर बसला. आवाज असा झाला की चेंडू बॅटलाच लागला असं मेजला वाटलं. त्यानं तो उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन मेला.

त्या काळी चेंडूला माती फासायचे, तंबाखूची थुंकी लावायचे. संध्याकाळच्या उजेडात काळा पडलेला चेंडू दिसायचा नाही. पण नवा चेंडू काढायचा म्हणजे मालकाच्या खिशाला चाट. म्हणून तोच मळका चेंडू शेवटपर्यंत चालवायचा. मालकाची काटकसर, खेळाडूचं डोकं. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

क्लीव्हलंडच्या खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. त्याच फिती बांधून त्यांनी त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जिंकली. चॅपमनच्या नावाची ब्राँझची पाटी मैदानात लागली. पुढं ती पाटी अडगळीत गेली, लोक विसरले. 2007 साली सापडली तेव्हा घासूनपुसून पुन्हा लावली.

पाटीचं असं झालं. डोक्याचं काय झालं? मळका चेंडू लगेच बदलायचा, एवढं अंपायरांना बजावलं गेलं. ते बरं झालं. पण हेल्मेट? 1950च्या दशकात टोपीच्या आत कडक अस्तर तरी घाला असा नियम आला. पुरं हेल्मेट सक्तीचं झालं 1971 साली. तेही नव्या खेळाडूंनाच. जुन्यांना सूट. 1979 सालापर्यंत बिनहेल्मेटचा माणूस मोठ्या लीगमध्ये बॅटिंग करत होता. मर्द माणसाला टोप कशाला, ही खुमखुमी.

काळी फीत बांधायला एक दिवस लागला. हेल्मेटला 51 वर्षं.

आता आमच्या वाचकानं नीट वाचावी अशी गोष्ट. 1920 साली या मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण गावकुसाबाहेर ठेवायला कायदा लागत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच वर्षी रूब फॉस्टरनं काळ्यांची नीग्रो नॅशनल लीग उभी केली. काळ्यांच्या लीगमध्ये पुढं विली वेल्स नावाचा शॉर्टस्टॉप झाला. म्हणजे चॅपमनच्याच जागेवरचा. त्याच्याही डोक्यात चेंडू बसला. तो बेशुद्ध पडला, पण वाचला. पुढं तो मैदानात आला तो कामगार घालतात तसलं कडक टोप डोक्यावर चढवून. हेल्मेट घालून बॅटिंग करणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घेतात.

बघा, दोस्तहो. अक्कल होती, इलाज होता, तो कामगाराच्या डोक्यावर होता आणि एका काळ्या माणसानं तो उचलला. पण जिथं नियम बनत होते तिथं त्याला दार बंद होतं. त्या दारामागं गोरी पोरंही आणखी कित्येक वर्षं उघड्या डोक्यानं चेंडू खेळत राहिली. माणूस बाहेर ठेवला की त्याचं शहाणपणही बाहेर राहतं, आणि त्याची किंमत आतलेही मोजतात. वेल्स 1989 साली मेला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं 1997 साली. मेल्यावर आठ वर्षांनी.

शाळकरी पोरांचंही तेच. धातूची बॅट लाकडासारखी मोडत नाही, पैसे वाचतात, म्हणून ती शाळाशाळांत गेली. पण तिच्यावरून चेंडू जास्त वेगानं सुटतो आणि पिचर समोर साठ फुटांवर उभा असतो. 2003 साली मोंटाना राज्यात 18 वर्षांचा एक पिचर असाच गेला. त्याच्या घरचे नुसते रडत बसले नाहीत, बॅटवाल्या कंपनीला त्यांनी कोर्टात खेचलं. 2009 साली ज्यूरीनं निकाल दिला: कंपनीनं धोक्याची सूचना दिली नव्हती, साडेआठ लाख डॉलर भरा. न्यूयॉर्क शहरानं 2007 सालीच हायस्कूलच्या मॅचमध्ये धातूच्या बॅटला बंदी केली, तीही मेयरचा नकार मोडून. 2012 सालापासून सगळ्या देशात हायस्कूलच्या बॅटला वेगाची मर्यादा आली. 2020 सालापासून कॅचरच्या छातीचं कवच असं लागतं की चेंडू छातीवर बसून हृदय बंद पडण्याचा धोका कमी व्हावा.

आणि मनात आणलं तर किती वेळ लागतो तेही बघा. जुलै 2007 मध्ये माइक कूलबॉ हा कोच पहिल्या बेसजवळ उभा असताना मानेवर चेंडू बसून मेला. कोलोरॅडो रॉकीजच्या खेळाडूंनी त्या वर्षीच्या बक्षिसातला पुरा वाटा त्याच्या बायकोला दिला. पुढच्याच हंगामात, 2008 साली, बेसवरच्या कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. कुरकुर करणारे होतेच. पण झालं.

हा खरा मान. नंबरही लिहा, घरच्यांना वाटाही द्या, आणि ज्यानं मारलं त्याचा बंदोबस्तही करा.

मी गोदीत हमाली करतो. आमच्याकडं वायर तुटून माणूस गेला की दोन मिनिटं उभं राहतात, फोटोला हार घालतात, टोळीतले वर्गणी काढतात. वर्गणी मनापासून असते, कुणी हात आखडत नाही. पण पुढच्या पाळीला तसलीच झिजलेली वायर पुन्हा क्रेनला लागते. मुकादम म्हणतो, चला, बोट थांबलीय. बोट थांबलेली चालत नाही. माणूस थांबलेला चालतो.

1972 साली मुंबईतल्या दलित पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. नाव घेतलं, आता विली वेल्सचं टोपही घेऊ या. गोदीत, गटारात, बांधकामावर, कारखान्यात आपला माणूस मेला तर शोकसभा जरूर घ्या. रडा. कविता म्हणा. पण सभा उठायच्या आधी तीन सवाल फळ्यावर लिहा: कशानं मेला? ते कुणाच्या हातात होतं? उद्याच्या पाळीपर्यंत काय बदलणार? उत्तर मिळेपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करू नका.

त्या पोरांनी जागा एका चेंडूपुरती रिकामी ठेवली. आपल्याला ती जरा जास्त वेळ रिकामी ठेवावी लागेल.