किलोभर गॅसचे गिऱ्हाईक

भोपाळच्या एम. पी. नगरात शिकवणीसाठी येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, बांधकामावरचा मजूर, चहाची हातगाडी लावणारा – यांना 14.2 किलोचा सिलिंडर परवडत नाही, झेपतही नाही. खिशात असतील तेवढ्या पैशांत त्यांना किलोभर गॅस हवा असतो. ही गरज आपण भागवत नाही, म्हणून गल्लीतला रिफिलिंगवाला भागवतो. बर्नर बसवलेल्या, आयएसआय चिन्ह नसलेल्या छोट्या टाकीत तो घरगुती सिलिंडरमधला गॅस उतरवून देतो. पाहून पाहून लोक तेच घरी करू लागतात.

वितरक आणि मेकॅनिक मित्रहो, ‘स्फोट होईल’ एवढे सांगून ग्राहकाला पटत नाही. कारण सांगावे लागते. बॉटलिंग प्लांटमध्ये सिलिंडर काट्यावर भरतात, वाफेसाठी जागा राखतात आणि गळती तपासूनच सील लावतात. घरी ना काटा, ना तपासणी. टाकी द्रवाने काठोकाठ भरली, की मे महिन्याच्या उन्हात फुगणाऱ्या द्रवाला जागा उरत नाही आणि सगळा दाब पत्र्यावर येतो. अमेरिकेत छोट्या प्रोपेन टाक्यांना 80 टक्क्यांवर भरणे थांबवणारी झडप सक्तीची आहे, ती याच कारणाने.

भरताना सुटलेला गॅस खोलीत वर जात नाही, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले, की बटणाची ठिणगीही पुरते. ब्युटेनचा रेणुभार 58, तर 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री या शहरात पसरलेल्या मिथिल आयसोसायनेटचा 57. एक ज्वालाग्राही, दुसरा विषारी. पण दोन्हींची वाफ हवेच्या जवळपास दुप्पट जड. जड वायू वस्तीत कसा पसरतो, हे भोपाळला नव्याने शिकवावे लागू नये.

असे रिफिलिंग बेकायदा आहे आणि छापेही पडतात. पण रिफिलिंगवाल्याकडचे घरगुती सिलिंडर कुठल्या तरी वितरकाच्या गोदामातूनच बाहेर पडलेले असतात, हे आपणच कबूल केले पाहिजे. एकाच जोडणीवर सतत होणारे बुकिंग तपासणे आपल्याच हातात आहे.

पर्यायही आहे. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर 2013 पासून खुल्या विक्रीत आहे. इंडेनचा ‘छोटू’ त्यातलाच. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. पहिल्या खरेदीला एकरकमी पैसे लागतात, ही अडचण मात्र खरी. म्हणून याहून लहान अधिकृत सिलिंडर सगळीकडे मिळावेत, ही मागणी वितरक संघटनांनीच लावून धरावी. तोवर पाच किलोचा सिलिंडर गोदामात नको, काउंटरवर ठेवा. त्याची किंमत आणि गळतीसाठीचा 1906 हा क्रमांक ठळक लिहा. छाप्याने रिफिलिंगवाल्याचे दुकान चार दिवस बंद राहते. गिऱ्हाईक आपल्याकडे वळले, तरच ते कायमचे बंद होईल.