आफ्रिकेच्या अभ्यासाचीं साधनें आणि आमची उदासीनता

ज्या समाजानें ‘साधनें’ हा शब्द एखाद्या व्रतासारखा उच्चारला, त्याच समाजाला आफ्रिकेच्या पुरातत्त्वाचीं व लोकजीवनाचीं साधनें आपल्या घरांत धूळ खात पडलीं आहेत हें सांगावें लागावें, याचा आम्हांला खेदापेक्षां संताप अधिक येतो. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. दारोदार हिंडून, माळ्यावरचीं दप्तरें उतरवून, वाळवीच्या तोंडून कागद सोडविणारी एक पिढीच्या पिढी या महाराष्ट्रांत होऊन गेली. तो वारसा मिरविणारे आम्ही सुशिक्षित लोक आफ्रिकेचें नांव निघालें कीं नाक मुरडतों. “त्या खंडाशीं आपला संबंध काय? त्यांचा इतिहास ते लिहितील. नाहीं तर इंग्रज आणि अमेरिकन आहेतच!” हें उत्तर आम्हीं पदवीधरांच्याच नव्हे, तर इतिहास शिकविणाऱ्यांच्या तोंडूनहि ऐकलें आहे.

संबंध काय, म्हणून विचारणाऱ्यांना फार लांब नेण्याचें कारण नाहीं. आम्ही राहतों तें सारसोळे हें नेरुळच्या अंगाचें, खाडीकांठचें जुनें कोळ्यांचें गांव. १९७० नंतर नव्या मुंबईनें त्याला चहूंकडून वेढलें. तरी तिवरांतून वाट काढीत होड्या अद्यापि पाण्यांत जातात. या खाडीच्या वरच्या अंगास ठाणें, त्यापलीकडे कल्याण. खालीं मुंबईचें बंदर, आणि बंदराबाहेर दक्षिणेस चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाची जी मार्गदर्शिका रचली, तींत कल्याण व चौल हीं बंदरें आहेत, आणि त्याच पुस्तकाच्या पूर्वार्धांत आफ्रिकेचा किनारा आहे. दोन देश दोन पुस्तकांत नाहींत. एकाच खलाशाच्या एकाच फेरींतले ते दोन कांठ आहेत. आमच्या बाजूच्या प्रदेशाला तो आरियाके म्हणतो, आणि तेथलें लोखंड, पोलाद व सुती कापड तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरांत उतरत असल्याचें नमूद करतो. तांदूळ, तूप, तिळाचें तेल हेंहि पलीकडच्या आफ्रिकी बंदरांत जात असे.

हा केवळ ग्रंथांतरींचा पुरावा नव्हे. चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनीं संशोधन केलें. तेथें मिळालेल्या कांचमण्यांचें आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सांपडलेल्या कांचमण्यांचें रासायनिक पृथक्करण करून त्यांनीं व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीं २००८ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत या दोन ठिकाणच्या कांहीं मण्यांची घडण एकाच जातीची ठरली. आफ्रिकेंत एखाद्या मुलीच्या गळ्यांत पडलेली माळ आमच्या अलिबागेच्या शेजारच्या भट्टीशीं नातें सांगते! अशी गोष्ट इंग्लंडांतील एखाद्या बंदराविषयीं निघाली असती, तर तेथल्या शाळेंतल्या पोरानें ती पाठ केली असती. आमच्या किती पदवीधरांना ती ठाऊक आहे?

मण्यांचें राहूं द्या. ताटांतल्या भाकरीकडे पाहा. ज्वारी मूळची सुदानच्या पूर्व भागांतली. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेवरची, मालीच्या बाजूची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलुखांतली. सुमारें साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी हीं धान्यें समुद्र ओलांडून या देशांत आलीं आणि दख्खनच्या कोरड्या जमिनीला जीं माणसें पोसवत नव्हतीं, तीं त्यांनीं पोसलीं. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. ‘श्रीअन्न’ असें गोंडस नांव आपल्या सरकारनें त्यांना दिलें, आणि व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांतून ‘आमच्या ऋषींचें अन्न’ म्हणून त्यांचा जयजयकार झाला. ज्या आफ्रिकी शेतकऱ्यांनीं रानगवतांतून हीं कणसें घडविलीं, त्यांचें नांव त्या गलबल्यांत आम्हांस क्वचितच ऐकूं आलें. ज्याचें खावें त्याला विसरावें, ही रीत आमच्या धर्मशास्त्रांत तरी सांगितलेली नाहीं.

आतां मनुष्यांकडे वळूं. मलिक अंबर हा सुमारें १५४८ सालीं इथिओपियांत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि हात बदलत बदलत अहमदनगरच्या चंगीझखानाकडे आला. हा चंगीझखानहि पूर्वीचा गुलामच. त्या पोरक्या मुलानें पुढें निजामशाही सांवरली, १६१० सालीं खडकी वसविली (तिलाच पुढें औरंगाबाद म्हणूं लागले, आणि आज छत्रपति संभाजीनगर म्हणतात), जमिनीखालून नहर आणून तिला पाणी दिलें, जमीनमहसुलाची घडी बसविली, आणि १६२४ सालीं भातवडीला मोंगल व विजापूरकर या दोघांना एकदम लोळविलें. त्या रणांत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. १६२६ सालीं तो वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. आमच्या शालेय पुस्तकांत हा पुरुष ‘हबशी’ या एका विशेषणांत गुंडाळलेला असतो. त्याचा देश कोणता, तेथील राज्यव्यवस्था कशी, तेथून मुलें कोण पकडून नेई, त्या प्रवासांत किती मरत — हे प्रश्न मराठी विद्यार्थ्याला पडूंच दिले जात नाहींत. तामसकरांचें अंबरचरित्र १९७८ सालीं इंग्रजींत निघालें. रिचर्ड ईटन यांनीं २००५ सालीं दख्खनच्या सामाजिक इतिहासांत त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिलें. मराठी घरांतल्या कपाटांत त्याच्यासाठीं जागा निघाली नाहीं.

जंजिऱ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं खांदेरी बांधावयास घेतली आणि पुढल्याच वर्षीं सिद्दीनें उंदेरी बळकावली. १६८९ सालीं सिद्दी याकूतखानाचें सैन्य आमच्या या खाडीपलीकडे शिवडीला उतरून मुंबईच्या इंग्रजांच्या उरावर बसलें. १७३६ सालीं चिमाजी आपांनीं सिद्दी साताला रणांत पाडलें. पेशवे दप्तरांत, ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत, आंग्र्यांच्या कागदांत सिद्द्यांविषयीं ढीगभर मजकूर आहे. आमच्या विद्वानांनीं तो वाचला, पण वाचला तो शत्रूची कुंडली म्हणून. सिद्द्यांनीं केलेल्या जुलमांवर पांघरूण घाला, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. गुहागर-चिपळूणच्या बाजूच्या लोकांनीं तें सोसलें आहे. परंतु ज्या राज्यांत बराच काळ गादी मुलाकडे न जातां सरदारांतल्या कर्तबगार पुरुषाकडे जाई, तें राज्य कशा समाजाचें होतें, हें पाहण्याचें कुतूहल इतिहासकाराला नसावें काय? त्यांचीं नांवें, लग्नसंबंध, आरमारांतील अधिकार, घरांतली भाषा, हें सारें त्याच कागदांच्या ओळींमधून निघण्यासारखें आहे. जंजिरा संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. आज हजारों मराठी कुटुंबें सुटीत मुरूडला जातात, होडींतून किल्ल्यावर चढतात, तोफेवर मुलें बसवून छायाचित्रें काढतात आणि मासे खाऊन परततात. किल्ल्यापासून जवळच खोकरीला सिद्दी राज्यकर्त्यांचे घुमट आहेत. तिकडे पाऊल वळतें तें कोणा विरळ्याचें.

नाशिकची हकीकत तर आमच्यांतल्या इतिहासप्रेमी मंडळींनाहि नवी वाटते. गेल्या शतकाच्या मागल्या शतकांत इंग्रजी लढाऊ जहाजें अरबी गलबतांतून गुलाम सोडवीत आणि मुलांना मुंबईंत उतरवीत. त्यांतल्या कित्येकांना मिशनऱ्यांनीं नाशिकजवळ शरणपूरला नेऊन लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम शिकविलें. १८७५ च्या सुमारास त्यांपैकीं बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या नव्या वस्तींत गेले; तिला नांव मिळालें तें मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचें. पूर्व आफ्रिकेंत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ सालीं आजच्या झांबियांत वारला, तेव्हां त्याचें शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत राहिलेला चुमा होता, आणि नाशिकचा विद्यार्थी जेकब वेनराइट होता. झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला तो या जेकबनें, आणि १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत अंत्यविधीच्या वेळीं उभा होता तोहि हाच. नाशिकचा शरणपूर रस्ता आज दुकानांनीं गजबजलेला आहे. शरण कोणाला, हें त्या रस्त्यावरच्या किती दुकानदारांना सांगतां येईल?

सर्वांत मोठा सांठा मात्र मुंबईंत आहे. १८४१ पासून झांझिबारचा इंग्रजी वकील मुंबई सरकारला आपले अहवाल पाठवी. १८२१ सालच्या आमच्या पुराभिलेखागारांत तो पत्रव्यवहार आहे. रिग्बी हा मुंबईच्या लष्करांतला अधिकारी १८५८ ते १८६१ तेथें वकील होता. झांझिबारच्या मुलुखाविषयींचा त्याचा अहवाल मुंबईंतच छापला गेला. झांझिबारचे इतिहासकार अब्दुल शेरीफ समुद्र ओलांडून मुंबईस आले, हे कागद वाचले, आणि १८८७ नव्हे तर आमच्या डोळ्यांदेखत, १९८७ सालीं, त्यांवर आपला लवंग, हस्तिदंत व गुलाम यांच्या व्यापाराचा ग्रंथ रचला. आम्ही मात्र चर्चगेटला गाडींतून उतरतों आणि त्या दारावरून कचेरीला जातों. एक अडचण आम्हांला दिसते ती ही कीं, ते कागद उघडले तर त्यांत आपल्याच देशांतील शेठसावकार गुलामांचे धनी म्हणून भेटतात. रिग्बीनें त्यांच्या घरचे हजारों गुलाम सोडविले. स्वतःला केवळ दास्याचें भक्ष्य समजणाऱ्या समाजाला हें रुचत नाहीं. रुचत नाहीं म्हणूनच वाचलें पाहिजे.

“पण इंग्रजींत सर्व आहे ना?” असें कोणी म्हणेल. बनाजींचा मुंबई व सिद्दी यांवरील ग्रंथ १९३२ सालीं इंग्रजींत निघाला, हें खरें. मुंबई विद्यापीठांत आफ्रिकी अभ्यासाचें केंद्र १९७१ पासून आहे, हेंहि खरें. तथापि जें ज्ञान मराठींत उतरत नाहीं तें घराच्या ओटीवर येत नाहीं; तें परीक्षेपुरतें येतें व परीक्षेबरोबर जातें. गुडरुन कॉर्व्हिनस या जर्मन बाईंनीं १९६६ ते १९६९ या काळांत नेवाशाजवळ चिरकी येथें उत्खनन करून आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी काढल्या; पुढें त्याच इथिओपियांत गेल्या आणि १९७६ सालीं गोना येथील अतिप्राचीन दगडी हत्यारांच्या शोधांत त्यांचा भाग होता. प्रवरेपासून आवाश नदीपर्यंतची ही वाट एका परक्या बाईंना दिसली. आमचा पुरातत्त्वाचा हुशार विद्यार्थी अमेरिकेची शिष्यवृत्ति शोधतो; स्वाहिली शिकेन म्हणाला तर घरचे त्याला वेड्यांत काढतील.

या अज्ञानाची किंमत पुस्तकांतच चुकती होते असें नाहीं. आमच्याच नगरांतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत आफ्रिकेंतून शिकावयास आलेल्या एका तरुणाला भाड्यानें घर देऊं नये, असा ठराव आला. बोलणारे सारे शिकलेले, कांहीं निवृत्त अधिकारी. ‘हबशी’ हा शब्द तेथें तीनदां उच्चारला गेला, आणि कोणाचीहि मान खालीं गेली नाहीं. त्या दिवशीं त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या डब्यांत ज्वारीची भाकरी असावी.

आणि आफ्रिकेंतून आलेल्यांचे वंशज तर इथलेच आहेत. उत्तर कानडा जिल्ह्यांत यल्लापूर-हळियाळच्या रानांत राहणारे सिद्दी कोंकणीशीं नातें सांगणारी बोली बोलतात. त्यांच्यांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीहि आहेत. २००३ सालीं त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळालें. गुजराथेंत गीरजवळच्या जांबूरचे सिद्दी धमाल नाचतात, आणि तिकडच्या सिद्द्यांपाशीं ‘मलुंगा’ नांवाचें जें एकतारी धनुष्य आहे, त्याचीं भावंडें आफ्रिकेंत सांपडतात. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीं असलेलीं गाणीं, नात्यांचीं नांवें, नवसाच्या रीति टिपून घेणारे अभ्यासक बहुधा जर्मनींतून व अमेरिकेंतून येतात. बेळगांवहून हळियाळला एस.टी. जाते.

यास लागणारा पैसा एका साहित्य संमेलनाच्या मांडवाच्या खर्चाहून अधिक होणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे. महर्षि कर्वे यांनीं १९३० नंतर लगेच आफ्रिकेचा दौरा करून आपल्या महिला विद्यापीठासाठीं तेथून देणग्या आणल्या. तेव्हां त्या खंडाचें थोडें देणें आम्ही लागतोंच. पांच-सहा तरुण पदवीधर दोन वर्षें बसवावे. पहिल्यानें पुराभिलेखागारांतील झांझिबारच्या दप्तराची मराठी सूची छापावी. मग पेशवे दप्तरांतले सिद्द्यांविषयींचे कागद शत्रुमित्रभाव बाजूस ठेवून एका खंडांत एकत्र करावे. खोकरीच्या लेखांचे ठसे, पावसानें ते पुसण्यापूर्वी, घ्यावे. मुरूडच्या पावसाळ्याला आतां फार महिने उरलेले नाहींत.