झुलता दिवा निवडताना

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत छताला काचेच्या हंड्या टांगलेल्या असत. आतील ज्योतीला वारा लागू नये आणि तिचा उजेड खोलीभर पसरावा, एवढ्यासाठी ती योजना. विजेच्या दिव्याला वाऱ्याचे भय नाही; परंतु त्याचा झगझगीत प्रकाश डोळ्यांवर थेट पडू नये, हे काम हंडीकडे आजही आहे. हाताने घडविलेले काचेचे व चिनी मातीचे झुलते दिवे घेताना पुष्कळजण ते न लावताच त्यांचे रूप पाहतात, आणि तेथेच फसतात.

पारदर्शक काचेची हंडी मोहक खरी; पण तिच्यात दिवा उघडाच राहतो. जेवताना समोर असा दिवा असला, की ताटापेक्षा तोच डोळ्यांत खुपतो. दुधी काच प्रकाशाला मऊ करून चहूकडे पसरविते. चिनी मातीची जाड टोपी मात्र उजेड अडवून सारा खाली टाकते. हीच माती अगदी पातळ घडवून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली, तर तिच्यातून मंद प्रकाश झिरपतो. तेव्हा जेवणाच्या मेजावर जाड टोपी शोभेल. बैठकीत तिच्या एकटीने भागणार नाही. दुकानात दिवा लावून, खाली बसून पाहण्याचा आग्रह धरावा, दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी!

काचकामासाठी उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद प्रसिद्ध आहे. (आपल्याकडे १९१६ साली कऱ्हाडजवळ निघालेल्या ओगल्यांच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.) फुंकून काच घडविणारा कारागीर वितळलेला गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन ती सतत फिरवीत फुंकतो, हात क्षणभर थांबला, तरी गोळा एका बाजूला ओघळतो. तयार हंडी सावकाश निववावी लागते. घाईने निवविलेल्या काचेत ताण राहतो व ती पुढे कधीतरी अकस्मात तडकते. काचेतील बारीक बुडबुडा हा दोष मानू नये. कडेपासून निघालेली केसाएवढी चीर मात्र मुळीच पत्करू नये. त्याच राज्यातील खुर्जा हे चिनी मातीच्या कामाचे गाव. भट्टीत माती आकसते, म्हणून हातच्या दोन टोप्या तंतोतंत सारख्या नसतात. ओळीने तीन टांगायच्या असतील, तर तिन्ही शेजारी ठेवून निवडाव्यात.

रूपाहून महत्त्वाचे आहे ते वजन. दिव्याचा भार विजेच्या तारेवर कधीही देऊ नये. तो साखळीने वा पोलादी दोरीने, छताच्या काँक्रीटमध्ये पक्क्या रोवलेल्या आकड्याला टांगावा. शोभेच्या खोट्या छताला नव्हे. पाळण्यावर किंवा बिछान्यावर तर जड दिवा नकोच. एलईडी दिवा कमी तापतो. तथापि बंद हंडीत तोही लवकर निकामी होतो, म्हणून हवेला वाट असावी.

जेवणाच्या मेजापासून टोपीची कड सुमारे ७५ सेंटीमीटर वर असावी. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर काचेवर चिकट थर धरतो. तेथे सहज काढता येईल अशीच हंडी घ्यावी, आणि धुण्यापूर्वी बटण बंद करून ती पूर्ण निवू द्यावी.