मोत्याचं कोण बघणार?

‘तुम्ही सगळे जाऊन या, मी थांबते मोत्यापाशी.’ मैत्रिणींनो, हे वाक्य घरात कोण म्हणतं, ते मी सांगायला हवं का? सुटीचा बेत ठरतो, मुलं नाचायला लागतात, ‘हे’ रजेचा अर्ज टाकतात, आणि मग कुणाला तरी आठवतं की घरात कुत्रं आहे, मांजर आहे, दारात तुळस आहे. सगळे आधी एकमेकांकडे बघतात आणि शेवटी आपल्याकडे बघतात.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी सात वर्षांपासून कुत्रा आहे. या सात वर्षांत त्यांचे यजमान आणि मुलं तीनदा फिरून आली. बाई एकदाही गेल्या नाहीत. विचारलं तर हसून म्हणतात, ‘‘मुक्या जिवाला टाकून कसं जायचं हो?’’ खरंच आहे, टाकून जाऊच नये. पण त्या मुक्या जिवावर माया पाच जणांची आणि त्याच्यापायी घरात अडकायचं मात्र एकीनंच, हा कुठला हिशेब? आज जरा या हिशेबाबद्दल बोलू या.

कुत्र्यामांजरांचं सुख काय असतं, ते ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगायला नको. मी शाळेतून दमून येते तेव्हा फाटकाशी मोत्या उभा. वह्या तपासायला बसले की त्याचं डोकं माझ्या पावलावर. उन्हाळ्यात यवतमाळचा पारा चढला की कूलरसमोरच्या जागेवरून त्याचं आणि सासूबाईंचं रोजचं भांडण, आणि दोघंही शेवटी तिथंच झोपलेले! हे सुख सगळ्यांचं आहे. मग त्याला फिरवणं, त्याचं भांडं घासणं, गोचीड काढणं, दरवर्षी रेबीजची लस टोचून आणणं, ही कामंही सगळ्यांचीच की नाही?

आमच्याकडे दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलं, तेव्हा मी दसऱ्यालाच स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवला. सकाळचं फिरवणं थोरलीकडे, संध्याकाळचं धाकट्याकडे, दवाखाना ‘ह्यां’च्याकडे, दुपारचं पाणी सासूबाईंकडे. रात्रीचं जेवण तेवढं माझ्याकडे. पहिले चार दिवस कुरकुर झाली. धाकटा म्हणाला, ‘‘आई, तो तुझंच ऐकतो.’’ मी म्हटलं, ‘‘जो खाऊ घालतो आणि फिरवतो, त्याचं तो ऐकतो.’’ भाऊबीजेपर्यंत मोत्या धाकट्याच्या हाकेवर धावायला लागला होता.

आता प्रश्न राहिला आठ दिवसांचा. मोत्याला बरोबर न्यावं, असा मुलांचा हट्ट. पण रेल्वेत कुत्रा न्यायचा, तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर घ्यावा लागतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकट्यानं प्रवास करावा लागतो. पहिलं आपल्या खिशाला झेपत नाही, दुसरं त्याच्या जिवाला. तेव्हा त्याला इथंच ठेवायचं आणि नीट ठेवायचं. त्यासाठी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते, तुमच्या उपयोगी पडेल.

आमच्या पलीकडच्या वहिनींकडे मनी नावाची मांजर आहे. त्यांचीही अडचण आमच्यासारखीच. मी सरळ विचारलं, ‘‘वहिनी, दिवाळीत तुम्ही मोत्याला बघा, नाताळात मी मनीला बघते.’’ त्या लगेच म्हणाल्या, ‘‘जा न बाई तुम्ही, काहून काळजी करता? मी पाहून घेईन न.’’ उपकार मागायचे म्हटले की जीभ अडखळते. अदलाबदलीत तसा संकोच राहत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी मोत्याला दोन रात्री त्यांच्या घरी झोपवलं. पहिल्या रात्री तो रडला, दुसऱ्या रात्री झोपला. त्याचं रोजचं अंथरूण, न धुता तसंच, आणि त्याची वाटी बरोबर दिली. ओळखीचा वास असला की जनावर लवकर रुळतं. मांजराचं मात्र उलटं आहे. तिला माणसांइतकीच जागेची ओढ. म्हणून तिला तिच्याच घरी ठेवावं आणि शेजारणीनं दोन वेळा जाऊन खाणं-पाणी बघावं, हे बरं.

एका कागदावर जेवणाच्या वेळा, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आणि आमचे दोन फोन लिहून दिले. आणि त्याखाली लाल शाईनं लिहिलं, की फराळाचं काही देऊ नये. मैत्रिणींनो, ही गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, चॉकलेट आणि कांदाही त्याला विषासारखे. आपण मायेनं बेदाण्याचा लाडू पुढं करतो आणि तो मायेनं खातो! मटणाची शिजवलेली हाडंही देऊ नयेत. ती टोकदार फुटतात आणि घशात-आतड्यात रुततात. शिवाय आम्ही मुद्दाम भाऊबीज उरकून निघालो. फटाक्यांच्या आवाजात घाबरलेलं जनावर परक्या घरी सोडायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

एवढं झाल्यावर आम्ही पाचहीजण निघालो. पाच म्हणजे सासूबाई धरून. त्यांचं वय बहात्तर, आणि आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी पैनगंगेच्या पुराचं. एसटीनं बडनेरा, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसनं एक रात्र काढून कोल्हापूर, आणि पुढं पुन्हा एसटीनं फोंडा घाट उतरून मालवण. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. आपली काळी माती आणि फुटलेला कापूस मागं पडत जातो, मग ऊस लागतो, आणि घाट उतरल्यावर तांबडी माती न् माडांची रांग. धाकटा खिडकीतून ओरडला, ‘‘आई, इथली माती गंजली!’’

मालवण गाव लहानसं आहे. उतरत्या कौलांची घरं, अंगणात माड-पोफळी आणि बोळाच्या टोकाशी अचानक समुद्र. आम्ही एका घरातच उतरलो होतो. घरच्या काकूंनी पहिल्याच सकाळी घावने वाढले आणि दुसऱ्या दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात. उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या आमच्या सासूबाई त्या शेवया बोटानं उचलून बघतात काय, साचा मागून घेतात काय! दोघींची अशी गट्टी जमली की बोलीची अडचण कुणाला जाणवलीच नाही. सोलकढीचा पहिला घोट मात्र त्यांनी तोंड वाकडं करून घेतला. तिसऱ्या दिवशी वाटी स्वतःहून पुढं केली.

सिंधुदुर्ग किल्ला तर बघायलाच हवा. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू करवलं. तटाची लांबी सुमारे 3 किलोमीटर. मालवणच्या बंदरातून होडीनं जायचं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा बेत आखताना ते लक्षात ठेवा. आत श्रीशिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. पण सासूबाई थबकल्या त्या विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये तीन विहिरी गोड्या पाण्याच्या! 2018 च्या उन्हाळ्यात आपल्या यवतमाळनं पाण्यासाठी काय सोसलं, ते ज्यांनी सोसलं त्यांनाच ठाऊक. सासूबाईंनी काठावर उभं राहून हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘पाणी असं जपावं.’’

समुद्राचं मी काय वर्णन करू? एवढंच सांगते, की संध्याकाळी सासूबाई लुगडं घोट्यावर धरून लाटेत उभ्या राहिल्या आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली, तेव्हा लहान मुलीसारख्या खिदळल्या. बावीस बहू आणि सासू एकमेकींचे हात धरून हसल्या असतील, तर त्या किनाऱ्यावर आम्ही तेविसाव्या. मी घरी थांबले असते, तर हे हसू मला फोटोतच दिसलं असतं.

एका सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. होडीनं समुद्रात मोठं जाळं गोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं वाळूवरून माणसं ओढून आणतात. बायका, म्हातारे, पोरं, सगळ्यांचे हात दोराला. आमच्या मुलांनीही दोर धरला. जाळं वर आलं तेव्हा चांदीसारखे मासे उड्या मारत होते, आणि वाळूवर गावची मांजरं आपला वाटा घ्यायला आधीच येऊन बसली होती! मग वाटण्या झाल्या. रापणीत ओढणाऱ्याला वाटा मिळतो. थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आई, आपल्या दारावरच्या कागदासारखंच की!’’

आठव्या दिवशी परतलो. मोत्यानं आधी आमच्याकडे पाठ फिरवून दोन मिनिटं रुसून घेतलं आणि मग धाकट्याला पाडून चाटलं. वहिनींनी त्याला एकही लाडू दिला नव्हता. त्यांच्या मुलाला मात्र आता स्वतःचा कुत्रा हवा आहे.

दारावरचा कागद मी अजून काढलेला नाही, काढणारही नाही. तुमच्या घरीही असा एक कागद लावून बघा. प्रवास कुठलाही असो, मालवणचा असो की आपल्या वणीच्या माहेराचा, ‘मी थांबते’ असं आपण म्हणण्याआधी एवढंच विचारा, की या वेळी कुणाची पाळी? उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्या सावकाश, पण आपण पटकन भरून टाकू नका.

आणि हो, नाताळात वहिनी गोव्याला निघाल्यात. मनीचं दूध बंद करून तिला पाणी आणि भात-मासळी द्यायची, कारण मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, असं त्यांच्या कागदावर लिहिलंय. किल्ली माझ्याकडे आली आहे. सकाळची पाळी धाकट्याची, संध्याकाळची ‘ह्यां’ची.