परसांतील खोलीचा अजमास

यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या घरांस मागील बाजूस थोडें तरी परस असतेंच. निवृत्त गृहस्थाच्या हातीं चार पैसे आले, मुलगी मोठ्या परीक्षेच्या अभ्यासास बसली, किंवा वृद्ध वडिलांस घरांतील वर्दळ सोसवेनाशी झाली, म्हणजे या परसांत विटांची एक स्वतंत्र खोली बांधावी, असा विचार निघतो. विचार उत्तम आहे. परंतु दुसऱ्याच दिवशीं मिस्त्रीस बोलावून “चौरस फुटाला काय पडेल?” असें विचारण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मात्र उत्तम नव्हे. त्या एका आंकड्यांत जमिनीखालीं काय जाणार हें कधींच दिसत नाहीं. आणि आपल्या भागांत मोठा खर्च व मोठें संकट हीं दोन्हीं जमिनीखालींच असतात. म्हणून अजमास आपण स्वतः काढावा. त्यास शाळेंत शिकलेल्या त्रैराशिकापलीकडे कांहीं लागत नाहीं.

आपण आंतून १० फूट × १२ फूट, ९ फूट उंच आणि ९ इंच जाड भिंतींची खोली उदाहरणादाखल घेऊं. भिंतींच्या मध्यरेषेची लांबी काढावयाची ती अशी: १० फूट ९ इंच व १२ फूट ९ इंच यांची बेरीज २३॥ फूट, तिची दुप्पट ४७ फूट. ही ४७ ची संख्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावी. पाया, जोतें व भिंत या तिहींचा हिशेब तिच्यावरच उभा राहतो.

प्रथम पाया. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, आणि त्या पाषाणाची झीज होऊन झालेली कापसाची काळी जमीन पुष्कळ ठिकाणीं वर पसरलेली. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभी केली, तर माती दरवर्षीं तिला उचलते व खालीं सोडते; मग दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. वरून कितीही गिलावा केला तरी ती बुजत नाहीं. तेव्हां अंदाजपत्रकापूर्वीं परसांत एक खड्डा खणून पाहावा. एका मजुराच्या एका दिवसाच्या मजुरींत मुरूम किती खोलीवर लागतो हें कळतें. सबंध बांधकामांत याहून फलदायी खर्च दुसरा नाहीं.

मुरूम ४ फुटांवर लागला असें धरूं. चर २॥ फूट रुंद घेतला, तर ४७ × २॥ × ४ मिळून ४७० घनफूट, म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासानें ४.७ ब्रास खोदाई झाली. तळाशीं ६ इंच काँक्रीट, त्यास सिमेंटचीं सुमारें ६ पोतीं. त्यावर सरासरी पावणेदोन फूट रुंदीचें डबराचें बांधकाम. जमिनीखालीं ३॥ फूट व वर जोत्याचें १॥ फूट मिळून ५ फूट उंच. हें ४११ घनफूट भरतें, आणि एकास सहा या प्रमाणाच्या मालानें सुमारें २० पोतीं खातें. जोत्याच्या आंत भरावयास मुरूम सव्वादोन ब्रास. चरांतून निघालेली काळी माती फुकट आहे म्हणून जोत्यांत लोटूं देऊं नये. फरशी फुगून उठेल. मुरूम फारच खोल असेल, तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशाच जमिनीकरितां प्रचारांत आणलेले, तळाशीं कंदासारखे फुगीर असे काँक्रीटचे खुंट घालतां येतात. त्यासाठीं मात्र अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

आतां भिंत. ४७ × ९ मिळून ४२३ चौरस फूट. त्यांतून ३ × ७ चें एक दार व ३ × ४ च्या दोन खिडक्या यांचे ४५ वजा जातां ३७८ उरतात. वीट खरोखरच ९ × ४ × ३ इंचांची असेल व सांधा अर्ध्या इंचाचा असेल, तर ९ इंची भिंतीच्या एका चौरस फुटास ९ विटा लागतात, हें सूत्र लक्षांत ठेवण्यास सोपें आहे. ३७८ च्या नऊपट ३,४०२; शेंकडा ५ तूटफूट धरून सुमारें ३,६०० विटा. त्यांस सिमेंट ११ पोतीं व वाळू पाऊण ब्रासाहून किंचित् अधिक. एक गवंडी हाताखालच्या माणसांसह दिवसाकाठीं सुमारें ४० घनफूट काम करतो असें धरल्यास हें २८४ घनफुटांचें काम सात दिवसांचें झालें.

येथें एक सावधगिरी हवी. भट्टीवाला “नऊ इंची” म्हणून जी वीट दाखवितो, ती फूटपट्टीनें मोजावी. ती ८॥ × ३॥। × २॥। निघाली, तर चौरस फुटास ९ ऐवजीं १० विटा लागतील. म्हणजे पावणेचारशें विटा अधिक, आणि माल व मजुरीही अधिक. विटेमागें अर्धा रुपया वांचल्याचा आनंद मग कागदावरच राहतो. शुद्ध काळ्या मातीची वीट वाळतांनाच तडकते. नदीकांठच्या पिवळट गाळाची, राख मिसळलेली वीट बरी. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणच्या उडत्या राखेच्या विटाही आतां वापरांत आहेत. परीक्षा घरींच करावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत नाद यावा. कोरडी वीट तोलून एक अहोरात्र पाण्यांत ठेवावी व पुन्हां तोलावी. साधारण प्रतीच्या विटेचें वजन शेंकडा २० हून अधिक वाढूं नये. ३ किलोंच्या विटेनें ६०० ग्रॅमांहून जास्त पाणी प्यालें, तर ती परत करावी. खरेदी पावसाळ्यापूर्वीं, भट्ट्या चालू असतां करावी.

छत स्लॅबचें घेतलें व चोहोंकडे फूटभर छज्जा ठेवला, तर १३॥ × १५॥ फुटांची ५ इंच जाड स्लॅब ८७ घनफूट होते. तीस सिमेंट सुमारें २० पोतीं व सळई दोन ते अडीच क्विंटल. आंतबाहेरचा गिलावा ७५६ चौरस फूट, ९ पोतीं. फरशी व किरकोळ कामास ४ पोतीं. सर्व मिळून ७० पोतीं झालीं. आतां हीं ७० कोठें गेलीं तें पाहावें: ज्या विटांच्या भावावरून आपण आठ दिवस घासाघीस करतों, त्यांच्या भिंतीस ११, आणि ज्याकडे कोणी पाहत नाहीं, त्या पाया-जोत्यास २६. ज्यास लबाडी करावयाची तो कोठें करील, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे. चर बुजविण्यापूर्वीं घरच्या माणसानें टेप घेऊन खोली-रुंदी मोजावी, हा नियमच करावा.

भाव येथें मुद्दाम दिले नाहींत. ते गांवोगांव व महिन्यागणिक बदलतात. वरील प्रत्येक परिमाणापुढें आपल्या गांवचे तीन ठिकाणचे भाव लिहावे व सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशीं ताडून पाहावे. सिमेंटवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला आहे. त्यापूर्वींचें अंदाजपत्रक कोणी पुढें केल्यास जसेंच्या तसें स्वीकारूं नये.

जीं कलमें हटकून विसरलीं जातात तीं अशीं: दार-खिडक्यांच्या चौकटी, सेंटरिंगचें भाडें, विजेची तार, रंग, वाहतूक, नगरपरिषदेची परवानगी आणि पाणी. राज्यांत २०२० सालीं मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियमावलींत कुंपणापासून किती जागा मोकळी सोडावी हें ठरलेलें आहे. खोली उठल्यावर नोटीस येण्यापेक्षां आधीं नकाशा दाखविणें स्वस्त. पाण्याचें तर विशेष. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह हे तलाव आटून यवतमाळकरांनीं घोटभर पाण्यासाठीं रांगा लावल्या, हें विसरण्याजोगें नाहीं. भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारल्यावांचून सिमेंट बळ धरीत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत काम काढणाऱ्यानें टँकरचा खर्च धरावा. शक्य असल्यास दिवाळीनंतर आरंभ करून होळीच्या आंत छत पुरें करावें, हें सर्वांत बरें.

एवढें झाल्यावर शेवटीं अनपेक्षित खर्चाची रक्कम. सरकारी अंदाजपत्रकांत ती शेंकडा ३ ते ५ धरतात; घरगुती कामांत शेंकडा १० धरावी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९३६ सालीं गांधीजींचें पहिलें घर बांधलें गेलें, तेव्हां साहित्य आसपासचें असावें व खर्च शंभर रुपयांवर जाऊं नये अशी त्यांची अट होती. एवढी कडक नजर असूनही खर्च मर्यादेबाहेर गेलाच. मग तुम्हांआम्हांस शेंकडा १० ची तजवीज केल्यानें कमीपणा येण्याचें कारण नाहीं.

आणि सारी बेरीज हातांतील पैशांहून अधिक भरली तर? येथेंच घराची कसोटी लागते. अशा वेळीं पहिली कात्री पायावर चालते, दुसरी छताच्या सळईवर. कारण दोन्ही कोणास दिसत नाहींत. वास्तविक १० × १२ ची खोली १० × १० केली, तर मध्यरेषा ४७ वरून ४३ वर येते व खोदाईपासून गिलाव्यापर्यंत प्रत्येक कलम आपोआप उतरतें. स्लॅबऐवजीं पत्रे घालतां येतील, बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षावर टाकून तूर्त दरजा भरून घेतां येतील. तेंही न जमलें, तर एक वर्ष थांबावें. निवृत्तीचा पैसा एकदांच हातीं येतो. अर्धवट भिंती पावसांत उभ्या ठेवून गवंड्याची मजुरी थकविणें, किंवा ज्या वडिलांसाठीं खोली बांधली त्यांच्या औषधपाण्यास हात लावणें, यापेक्षां लहान खोली, परंतु मुरमावर उभी असलेली, केव्हांही चांगली. एवढा कागद पुरा होईपर्यंत कोणासही विसार देऊं नये.